मोठ्या कॅलिबरच्या जुन्या रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर पुन्हा पुन्हा अडकतो? कानस उचलण्याआधी हे तपासा

साफसफाई केली की रिव्हॉल्व्हर झकास चालतं. दोन-तीन वेळा सिलिंडर भरून रिकामा झाला की चाप जड होऊ लागतो, मग एखाद्या चेंबरवर सिलिंडर थांबतो आणि अंगठ्याने हॅमर ओढला तरी पुढे सरकत नाही. किंवा फिरतो व्यवस्थित, पण लॅच दाबूनही बाहेर उघडत नाही. घरी आणून पुसलं की पुन्हा ठीक, पुढच्या वेळी पुन्हा तेच. .४४ मॅग्नम, .४५ कोल्ट, .४५५ वेबली या वर्गातल्या संग्रही रिव्हॉल्व्हरांबद्दल सर्वात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच.

बिघाड बहुतेक वेळा किरकोळ असतो. महाग पडते ती त्यावरची घाईची दुरुस्ती. मालक वैतागतो, कोणीतरी "जरा घासून देतो" म्हणतं, आणि साठ वर्षं कोणी हात न लावलेल्या रॅचेटवर, म्हणजे सिलिंडर फिरवणाऱ्या दातांवर, कानस फिरते. मी पाहिलेल्या अशा शस्त्रांत अडकणाऱ्या सिलिंडरमुळे किंमत उतरलेली थोडी, आणि तो सोडवण्याच्या नादात उतरलेली बरीच. म्हणून खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे: ज्यात धातू कमी होत नाही ते आधी, ज्यात स्क्रू खोलावा लागतो ते नंतर, आणि ज्यात काही घासावं, ताणावं किंवा बसवावं लागतं ते स्वतः करायचंच नाही.

तपासणी रिकाम्या शस्त्रावर. सिलिंडर उघडून प्रत्येक चेंबर डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा, आणि खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून मगच कामाला बसा. फिरवून बघण्यासाठी डमी काडतुसं घ्या; त्यांचा उपयोग फक्त सुरक्षेपुरता नाही, ते पुढे येईलच. रेंजवर भरलेल्या अवस्थेत सिलिंडर अडकला तर नळी लक्ष्याच्या दिशेलाच ठेवा, बोट चापाबाहेर, किमान अर्धा मिनिट थांबा आणि रेंजवरच्या जबाबदार माणसाला बोलवा. भरलेलं आणि अडकलेलं रिव्हॉल्व्हर पिशवीत घालून घरी आणायचं नाही.

आधी नेमकं कधी अडकतो ते ठरवा

"अडकतो" एवढ्यावरून काहीच कळत नाही. चार प्रश्नांची उत्तरं आधी लिहून काढा. फिरताना अडकतो की उघडताना? एकाच चेंबरवर की कुठेही? गरम झाल्यावरच की थंड असतानाही? काडतुसं भरलेली असतानाच की रिकामा असतानाही? एकाच चेंबरवर अडकत असेल तर संशय त्या चेंबरचं काडतूस, रॅचेटचा तो दात किंवा वाकलेल्या रॉडवर जातो. कुठेही आणि फक्त गरम असताना असेल तर काजळी आणि फटी. भरलेला असतानाच असेल तर दोष रिव्हॉल्व्हरचा नसून काडतुसाचा असण्याची शक्यता मोठी. उघडायलाच त्रास असेल तर थेट इजेक्टर रॉडकडे जा.

पुढे जाताना एक सवय लावून घ्या: चेंबरना खडूने किंवा पुसता येणाऱ्या पेनने क्रमांक द्या. नाहीतर "तिसऱ्याला अडकतं" म्हणताना तिसरं कुठलं हेच ठरत नाही.

स्टारखालचा कचरा

सगळ्यात आधी इथे बघा. सिलिंडरच्या मागच्या बाजूला पुंगळ्या बाहेर ढकलणारा तारेच्या आकाराचा भाग असतो, तो एक्स्ट्रॅक्टर स्टार. मोठ्या काडतुसांत दारू भरपूर असते आणि तिचे न जळलेले कण पुंगळ्या काढताना स्टारखाली पडतात. एक कण पुरतो. स्टार केसभर वर राहतो, त्यावर बसलेली काडतुसं मागच्या भिंतीला घासतात आणि सिलिंडर जड होतो. बाहेरून सगळं चकचकीत दिसत असतं.

रॉड दाबून स्टार पूर्ण बाहेर काढा, त्याची खालची बाजू आणि तो बसतो ती खाच कोरड्या टूथब्रशने झाडा. कोरड्या हे महत्त्वाचं. तिथे तेल घातलं की पुढच्या वेळी कण चिकटून बसतात, आणि "साफ करतो तरी परत येतं" या तक्रारींतल्या निम्म्यांचं कारण ते साफसफाईनंतर प्रेमाने सोडलेलं तेलच असतं. पुंगळ्या काढताना नळी आकाशाकडे करून एका दमात रॉड दाबायचा, म्हणजे कण मागून बाहेर पडतात. नळी आडवी किंवा खाली ठेवून हळूहळू ढकलल्या तर कण आत राहतात. शिवाय एखाद्या पुंगळीची कड स्टारखाली घसरते आणि मग सिलिंडर धड बंद होत नाही, धड उघडत नाही. वरून मोडून उघडणाऱ्या वेबलीत हे जास्त होतं, कारण .४५५ च्या काडतुसाची कड पातळ असते. तसं झालं तर स्टार बाहेर धरून पुंगळी बोटांनी मागे ओढा. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका.

सैल इजेक्टर रॉड

लॅच सरकतो पण सिलिंडर उघडत नाही, किंवा उघडायला रोज थोडा जास्त जोर लागतो. स्मिथ अँड वेसनच्या मोठ्या चौकटीच्या, म्हणजे एन-फ्रेम, रिव्हॉल्व्हरांत याचं कारण बहुधा आट्यांतून सुटू लागलेला रॉड असतो. या रॉडचं पुढचं टोक नळीखालच्या लॉकिंग बोल्टमध्ये बसतं. रॉड सैल पडला की त्याची लांबी वाढते, आतली सेंटर पिन बोल्टला पुरेसं पुढे ढकलू शकत नाही आणि कुलूप सुटत नाही.

जुन्या रचनेत हे होणारच होतं. स्मिथ अँड वेसनचा सिलिंडर मागून बघितला तर घड्याळाच्या उलट फिरतो. रॉडचं टोक पुढे बोल्टला घासतं, त्यामुळे सिलिंडरच्या तुलनेत रॉड मागे राहतो आणि सरळ आटे असतील तर प्रत्येक फैरीसोबत थोडा सुटतो. .४४ मॅग्नमसारखा धक्का असेल तर आणखी लवकर. कंपनीने १९६० च्या सुमारास रॉडचे आटे डावे केले. आता तेच घर्षण रॉड आवळायला मदत करतं. त्यांच्या .४४ मॅग्नमच्या, म्हणजे मॉडेल २९ च्या, रिव्हॉल्व्हरांत हा बदल झाल्यावर क्रमांकापुढे "-१" आला. म्हणजे १९५५ च्या अखेरीस सुरू झालेल्या .४४ मॅग्नमच्या सुरुवातीच्या, आणि आज सर्वात जास्त किमतीच्या, रिव्हॉल्व्हरांत आटे सरळ आहेत. आवळण्याआधी आपल्या हातातलं कुठलं हे ठरवा: सिलिंडर उघडल्यावर योकच्या (सिलिंडर ज्यावर बाहेर झुलतो तो हात) खाचेत कोरलेला मॉडेल क्रमांक बघा. क्रमांक नसेल तर ते १९५७ च्या आधीचं असू शकतं, कारण मॉडेल क्रमांक द्यायला सुरुवातच त्या वर्षी झाली. नळीच्या बाजूने बघता डावे आटे घड्याळाच्या उलट दिशेने आवळले जातात, सरळ आटे घड्याळाच्या दिशेने. उलटा जोर लावून आटे खराब केलेले रॉड दरवर्षी विकायला येतात, तेही "किरकोळ दुरुस्ती आवश्यक" अशा गोड भाषेत.

सिलिंडर बंदच अडकला असेल तर नळीखालच्या मोकळ्या जागेतून रॉडचं खरखरीत टोक बोटांच्या चिमटीत धरून योग्य दिशेला फिरवत राहा आणि मधूनमधून लॅच दाबून बघा. अर्धा फेरा पुरतो. उघडल्यावर चेंबरमध्ये डमी किंवा रिकाम्या पुंगळ्या घाला. आवळण्याचा सगळा ताण नाहीतर स्टारला जागेवर ठेवणाऱ्या बारीक खुंट्यांवर येतो. रॉड उघड्या पक्कडीत धरायचा नाही, चामडं गुंडाळूनही शक्यतो नाही. त्याच्या मापाचं धरण्याचं साधन मिळतं, ते घ्या. आट्यांवरचं जुनं तेल पुसून मध्यम ताकदीच्या, पुढे सुटू शकणाऱ्या आटे-चिकटवणाऱ्या द्रवाचा एक थेंब. कायम पकडणारा प्रकार वापरलात तर पुढच्या माणसाला रॉड तापवावा लागेल, आणि तापवणं म्हणजे ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) गेलं.

रॉड वाकलेला आहे का तेही आत्ताच बघा. सिलिंडर उघडून बोटाने फिरवा आणि रॉडच्या टोकाकडे नजर ठेवा. टोक डुलत असेल तर एकाच चेंबरवर चाप जड होण्याचं कारण सापडलं. सरळ करणं मात्र गनस्मिथचं काम. पडद्यावर मनगटाचा झटका देऊन सिलिंडर बंद करतात ना, त्यातून योक वाकतो. असं कोणी तुमच्यासमोर विक्रीचं रिव्हॉल्व्हर हाताळलं तर तिथून निघालेलं बरं.

दोष काडतुसाचा

रिकामं असताना किंवा डमी घालून सिलिंडर मोकळा फिरतो आणि खऱ्या काडतुसांनीच अडकतो, तर रिव्हॉल्व्हर बाजूला ठेवा आणि काडतुसं तपासा.

प्राइमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) वर राहिलेला असेल तर तो मागच्या भिंतीला घासतो. काडतूस सपाट काचेवर उभं करा. डुललं तर प्राइमर वर आहे. ती काडतुसं वापरायची नाहीत आणि दाबून बसवायचीही नाहीत.

मोठ्या कॅलिबरचा खास त्रास म्हणजे गोळी पुढे सरकणं. फैर झाली की रिव्हॉल्व्हर झटक्याने मागे येतं, काडतुसाची पुंगळीही त्याच्यासोबत येते, पण जड गोळी जागच्या जागी राहू बघते. तोंडाची घडी कच्ची असेल तर प्रत्येक फैरीला उरलेल्या काडतुसांतली गोळी थोडी बाहेर येते आणि शेवटी सिलिंडरच्या पुढे डोकावून नळीच्या मागच्या तोंडाला आडवी येते. म्हणूनच हा अडथळा पहिल्या काडतुसाला कधीच दिसत नाही, पाचव्या-सहाव्याला दिसतो. शस्त्र जितकं हलकं आणि गोळी जितकी जड तितकं लवकर. तपास सोपा आहे: सहापैकी पाच फैरी झाडा, सहावं काडतूस काढून त्याची लांबी न वापरलेल्या काडतुसाशी ताडून बघा. वाढली असेल तर त्या काडतुसांचा गठ्ठा त्या रिव्हॉल्व्हरसाठी बाद.

याच्या उलट, एखादी फैर "फुस्स" वाजली आणि त्यानंतर सिलिंडर अडकला, तर गोळी अर्धी नळीत आणि अर्धी सिलिंडरमध्ये असू शकते. तिथेच थांबायचं. जोर लावून फिरला आणि पुढची फैर झाली तर नळी फुगते, आणि मग किंमत वगैरे प्रश्न मागे पडतात.

.४४ मॅग्नमचे मालक सरावाला सौम्य .४४ स्पेशल वापरतात, ते चांगलंच आहे. पण स्पेशलची पुंगळी १.१६० इंच, मॅग्नमची १.२८५, नेमका अष्टमांश इंच आखूड. त्या उरलेल्या जागेत चेंबरभोवती काजळी आणि शिशाचं कडं धरतं. नंतर मॅग्नम घातलं की ते शेवटपर्यंत बसत नाही आणि मागे उरलेली कड घासते. ताजं कडं ब्राँझच्या ब्रशने आणि सॉल्व्हंटने निघतं. वर्षानुवर्षं साठलेलं असेल तर सॉल्व्हंट घालून रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा. ड्रिलला ब्रश लावून चेंबर घासण्याचा मोह आवरा.

पहिल्या महायुद्धातली १९१७ ची कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हरं .४५ एसीपी या कड नसलेल्या काडतुसासाठी आहेत. ती अर्धचंद्राकार पत्र्याच्या क्लिपांत अडकवून भरतात. क्लिप जराशी वाकली की सिलिंडर घासतो. लोक त्यात टायमिंगचा, म्हणजे सिलिंडर वेळेवर कुलूपबंद होण्याचा, दोष शोधत बसतात. क्लिप काचेवर ठेवा, सपाट बसत नसेल तर फेकून द्या.

वेबलीवाल्यांसाठी वेगळी सूचना. मार्क ६ ची मूळ .४५५ काडतुसं मिळेनात म्हणून अनेक सिलिंडर मागून तासून .४५ एसीपी घेतील असे केले गेले. बसतं म्हणून चालतं असं नाही. .४५ एसीपीचा मान्य कमाल दाब २१,००० पीएसआय आहे आणि तो मूळ .४५५ च्या दाबापेक्षा बराच वर आहे. अशा सिलिंडरमध्ये पूर्ण ताकदीचं कारखानी काडतूस घालून "जड जातं" अशी तक्रार करणारा माणूस खरं तर नशीबवान. अजून फक्त जडच जातं आहे. सिलिंडर तासलेला असेल तर संग्राहकाच्या दृष्टीने किंमतही उतरलेलीच असते.

फक्त गरम झाल्यावर अडकणं

आता फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचं साधन, काढा. सिलिंडरचं पुढचं तोंड आणि नळी यांतली फट साधारण ४ ते ८ थाऊ असते. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. सिलिंडर मागे दाबून धरून मोजा, मग पुढे ओढून पुन्हा मोजा. पहिला आकडा म्हणजे खरी फट, दोन्हींतला फरक म्हणजे सिलिंडरचा पुढे-मागे खेळ.

खरी फट ३ थाऊच्या आत असेल तर गरम झाल्यावर काजळी आणि धातूचं प्रसरण मिळून ती बंद होते. थोड्या फैरींवर मजेत चालणारं आणि रेंजवर तासाभराने हटून बसणारं रिव्हॉल्व्हर बहुधा या जातीचं. उलट खेळ ३ थाऊच्या वर गेला असेल तर प्रत्येक फैरीला सिलिंडर पुढे आपटतो आहे. तो पातळ वॉशर घालून किंवा योकची नळी किंचित ताणून काढता येतो. वॉशर परत काढता येतो, ताणलेला धातू परत येत नाही. संग्रही शस्त्राला मी वॉशरच सुचवेन, पण घालणारा हात गनस्मिथचा.

फटी ठीक असतील तर योकच्या दांड्यावर वितळून बसलेली काजळी बघा. त्यासाठी बाजूच्या पट्टीचा सर्वात पुढचा स्क्रू काढून योक आणि सिलिंडर पुढे सरकवावा लागतो. मालकाने स्वतः काढायचा स्क्रू एवढाच. तो त्या शस्त्रापुरता घासून बसवलेला असू शकतो, म्हणून वेगळा ठेवा, इतर स्क्रूंशी अदलाबदल नको. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेच्या मापाचं आणि समांतर कडांचं हवं. घरातला पाचरीसारखा निमुळता स्क्रूड्रायव्हर खाच उसवतो. उसवलेला एक स्क्रू बघून अनुभवी खरेदीदार आतल्या सगळ्या भागांवर संशय घेतो, आणि त्याचं चुकत नाही. दांडा सॉल्व्हंटने पुसा, एक थेंब हलकं तेल, परत बसवा. बाजूची पट्टी उचकटून काढायची नसते. मुठीच्या चौकटीवर लाकडी मुठीने टकटक केली की ती आपोआप वर येते. हे सांगतो आहे ते पुढे कोणी तुमच्यासमोर ती उचकटायला लागलं तर हात धरता यावा म्हणून.

कपाटात पडून अडकलेलं

वीस वर्षं हात न लावलेल्या रिव्हॉल्व्हरचा चाप दाबला तर परत यायला वेळ लागतो, हॅमर आळसावल्यासारखा पडतो. जुनं तेल आत वार्निशसारखं घट्ट झालेलं असतं. नवीन तेल ओतून ते जात नाही, फक्त पातळ होऊन आणखी आत शिरतं. मुठीच्या लाकडी पट्ट्या काढा, बाकीचं मिनरल स्पिरिटमध्ये बुडवून ठेवा, हॅमर-चाप अधूनमधून हलवा, निथळू द्या, वाळल्यावर मोजकं तेल. पट्ट्यांच्या आतल्या बाजूला क्रमांक लिहिलेला किंवा ठोकलेला असेल तर त्याचा फोटो घ्या आणि तो पुसू नका.

सिंगल-अ‍ॅक्शन (प्रत्येक फैरीआधी हॅमर अंगठ्याने ओढायच्या) कोल्टची गोष्ट थोडी निराळी. १८७३ च्या या रचनेत पात्याच्या आकाराच्या स्प्रिंगा आहेत आणि त्या मोडतात: सिलिंडर ढकलणाऱ्या पॉलची, आणि बोल्ट (सिलिंडर जागेवर कुलूपबंद करणारी खुंटी) व चाप यांची. नळी वर केल्यावर सिलिंडर फिरेनासा झाला तर पॉलची स्प्रिंग बघायला द्या. सिलिंडरचा मधला दांडा धक्क्याने पुढे सरकत असेल तर त्याचा आडवा लॅच कमजोर झाला आहे. हॅमर अर्धा ओढून तिथूनच सरळ खाली सोडायची सवय असेल तर बोल्ट सिलिंडरवर घासून रेघ उमटते. पूर्ण मागे ओढून मगच सोडायचा. आणि काळ्या दारूच्या काळातल्या चौकटीत आजची काडतुसं घालू नका. कोल्टने या रिव्हॉल्व्हरला धूरविरहित दारूची हमी १९०० साली दिली. त्याआधीचं शस्त्र अडकत नसलं तरी भिंतीवरच शोभतं.

टायमिंग: तपासा, पण हात लावू नका

डमी काडतुसं घाला. सिलिंडरवर बोटाने हलका अवरोध ठेवून हॅमर अगदी सावकाश मागे ओढा. हॅमर पूर्ण मागे पोचायच्या आत प्रत्येक चेंबर "टक्" करून कुलूपबंद झाला पाहिजे. रिकाम्या चेंबरवर हीच चाचणी घेतली तर जुन्या स्मिथ अँड वेसनमध्ये स्टार किंचित डळमळतो आणि टायमिंग उशिरा असल्याचा भास होतो. डमींनी स्टार जागेवर राहतो. खोट्या निदानावर नवा पॉल बसवून घेतलेले लोक आहेत.

सिलिंडरवरच्या बोल्टच्या खाचांच्या कडा बघा. ठोकल्यासारख्या फुगल्या असतील तर जोरदार काडतुसं आणि झपाट्याने केलेली डबल-अ‍ॅक्शन (हॅमर न ओढता नुसत्या चापाने केलेली) फैर यांचा तो हिशेब. मॉडेल २९ मध्ये मोठ्या धक्क्याने बोल्ट उडून सिलिंडर उलटा फिरल्याच्या तक्रारी होत्या. कंपनीने १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि १९९० मध्ये आतली रचना बदलली, त्यात खाचाही लांब केल्या. तुमचं त्याआधीचं असेल तर त्याला सौम्य काडतुसांवर ठेवणं हा सगळ्यात स्वस्त इलाज. विकत घेणारा जुनं "पिन आणि रिसेस" केलेलं रिव्हॉल्व्हर मागतो. नळीला आडवी पिन आणि काडतुसाच्या कडेसाठी सिलिंडरला खोलगट बैठक असलेली ही बनावट १९८२ मध्ये बंद झाली. रोज झाडायला नवीन, जपायला जुनं, अशी सरळ वाटणी करून टाकलेली बरी.

दुरुस्तीला देताना किंमत वाचवायची असेल तर

देण्याआधी दोन्ही बाजू, खाचा, सर्व क्रमांक आणि स्क्रूंचे डोके यांचे फोटो काढा. जुन्या एन-फ्रेमवर तोच क्रमांक बहुधा मुठीच्या तळाशी, सिलिंडरच्या मागच्या तोंडावर आणि नळीच्या खालच्या सपाट भागावर सापडतो. काय करायचं नाही ते लेखी द्या: पॉलिश नाही, नवीन ब्लूइंग नाही, मूळ भाग घासणं नाही. आणि बदललेला प्रत्येक जुना भाग परत हवा, तुटलेला असला तरी. रुगरची १९७३ पूर्वीची तीन-स्क्रू सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरं याचं उत्तम उदाहरण आहे. कंपनी त्यांत सुरक्षेचा ट्रान्सफर बार फुकट बसवून देते आणि मूळ भाग मालकाला परत पाठवते. ते भाग हरवलेलं रिव्हॉल्व्हर आणि पाकिटात जपलेलं रिव्हॉल्व्हर यांना एकच भाव मिळत नाही. बदल न केलेलं शस्त्र असेल तर हॅमरखालचं चेंबर रिकामं ठेवून पाचच काडतुसं भरायची.

परत आलं की आधी हॅमर आणि चाप बघा. स्मिथ अँड वेसनच्या या मॉडेलांत त्यांवर ढगाळ, बहुरंगी झाक असते. ते निळे दिसले तर तुम्हाला न विचारता ब्लूइंग झालं आहे. कोरलेली अक्षरं उथळ, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा, कडा गोलावलेल्या, याच पॉलिशच्या खुणा विकत घेतानाही कामी येतात. मुठीच्या तळाशी क्रमांकाजवळ तारा असेल तर शस्त्र कधीतरी कारखान्यात दुरुस्तीला गेलं होतं. ते वाईट नाही, फक्त "जसंच्या तसं मूळ" म्हणून जादा पैसे द्यायचे नाहीत. शंका असेल तर स्मिथ अँड वेसनसाठी त्यांच्या हिस्टॉरिकल फाउंडेशनकडून आणि कोल्टसाठी कोल्ट आर्काइव्हकडून पत्र मागवता येतं. शस्त्र कारखान्यातून कधी आणि कुठल्या स्वरूपात बाहेर पडलं ते त्यात असतं. जुन्या खोक्याच्या तळाशी हाताने लिहिलेला क्रमांक जुळत असेल तर खोकंही फेकू नका.

नियमित साफसफाईत किंमत घालवणाऱ्या तीन गोष्टी. शिसं काढणारं रासायनिक फडकं ब्लूइंगही काढतं, म्हणून ते फक्त स्टेनलेस स्टीलवर. निकेल मुलाम्यावर अमोनिया असलेलं सॉल्व्हंट नको. मुलाम्याच्या चिरेतून आत गेलं आणि खाली तांब्याचा थर असला की त्यावर हल्ला होतो आणि पोपडे निघतात. सिलिंडरच्या पुढच्या तोंडावरची काळी वर्तुळं घासून काढायचा हट्ट सोडा, ती वापराची खूण आहे आणि खरेदीदाराला ती चालते.

ठेवताना चामड्याच्या म्यानात नाही, फोमच्या पेटीत नाही, आणि मखमलीच्या सुंदर सादरीकरणाच्या पेटीतही कायमचं नाही. तिन्ही ओल धरून ठेवतात. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास, सिलिका जेल वेळेवर बदललेलं, बाहेरून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. परवाना, कुलूप आणि दुरुस्तीला कोणाकडे देता येतं यांचे नियम ज्या देशात राहता तिथले पाळा, आणि गनस्मिथकडची पावती शस्त्राच्या कागदांतच लावून ठेवा. कुठला भाग कधी बदलला आणि जुना भाग कुठे ठेवला आहे, हे त्याच पावतीच्या मागे लिहा.